नऊ गाठोडी, नावं नाहीत

११ जानेवारी
मुक्ताचा फोन. अ.ची ही भाची पुण्यात बसून मला इथे कोलकात्यात धंद्यात उतरवतेय. लोकांकडून आईच्या, आजीच्या जुन्या साड्या मागवायच्या, गोधडी शिवून परत पाठवायची. घरकामाला येणाऱ्या मिनतीदीचा कांथा, म्हणजे बंगाली गोधडीच, आणि माझी गोधडी, दोन्हीत एकच धावदोरा, हे कळल्यापासून आम्हा दोघींच्या डोक्यात आहेच.
तर आता वेबसाइट. दोन प्रकार म्हणे. एक तयार दुकान, महिन्याचं भाडं, सगळं तेच बघणार. दुसरं आपलं आपण मांडायचं, आणि सगळं आपणच बघायचं.
अ.ने पेपरातून डोकं न काढता निकाल दिला, "तयार घे. नळ गळला तर मालक बघतो." सव्वीस वर्षं बँकेच्या क्वार्टर्समध्ये राहिलेला नवरा दुसरं काय बोलणार.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ बिघडला, पाक पुढे गेला.
तयार दुकान काही दिवस फुकट वापरून बघायला देतात. बसले. पहिलाच प्रश्न, स्टॉक किती? कुणाच्या आईच्या साडीचा माझ्याकडे कसला स्टॉक! एक लिहिलं. मुक्ताने तिकडून खोटी ऑर्डर टाकली, तर लगेच लाल अक्षरांत 'संपलं'. साडीचा फोटो गिऱ्हाइकाला जोडता येत नाही. साडी कुणाची, आठवण काय, हे लिहायला बोटभर जागा. मला तर तेच हवंय.
मुक्ता : "जमवता येईल गं मामी त्यातच, मला जरा वेळ दे." मला कुठला धीर.

१९ जानेवारी
आपलंच मांडायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.
आसनसोल, भुवनेश्वर, नागपूर, आता सॉल्ट लेक. शिकवण्या घेतल्या, ब्लाउज शिवले, पाळणाघर चालवलं. बदलीच्या ट्रकमध्ये कपाटं चढली, माझं काही चढलं नाही. एकावन्नाव्या वर्षी एक तरी गोष्ट माझी हवी, कुठेही गेलं तरी माझी.
मुक्ता बजावतेय, बॅकअप आपला आपण घ्यायचा. ऑर्डरची मेल यायला हवी असेल तर तीही वेगळी जोडावी लागते. म्हटलं, करू गं नंतर, मी रोज उघडून बघणारच आहे.
अ. : "बघ बाई." त्याच्या 'बघ बाई'त सगळं येतं.

४ फेब्रुवारी
नऊ गाठोडी!! मुक्ताच्या मैत्रिणींनी कुठे कुठे कळवलं, आणि नऊ जणींनी ऑर्डरी टाकून साड्या पाठवल्यासुद्धा. अनोळखी बाईवर एवढा विश्वास. पैसे गोधडी पोचल्यावर द्या, असं साइटवर लिहिलंय. मिनतीदीच्या मते मी ठार वेडी.
एस्प्लनेडला जाऊन दोरा आणला. कुरियरची पाकिटं रद्दीत दिली, अ.ला पसारा चालत नाही. कुठली साडी कुणाची हे साइटवर फोटोसकट आहेच. आठवणी वाचायला घेतल्या. तीन वाचल्या आणि रडूच आलं. बाकीच्या शिवायला घेईन तेव्हा.

१० फेब्रुवारी
सकाळी साइट उघडली तर नुसतं पांढरं. काल 'अपडेट करा' येत होतं, करून टाकलं होतं. मुक्ता दिवसभर मीटिंगमध्ये.
हातावर हात ठेवून कशाला बसू? ऊन छान होतं. नऊच्या नऊ गाठोडी सोडली, रिठ्यात भिजवली, गच्चीवर वाळत घातली. धुतल्याशिवाय कापडाला सुई लावायची नाही, आमच्याकडे असंच.
चारला पुन्हा उघडली. पांढरीच. एक बटण दिसलं, 'पुन्हा इन्स्टॉल करा'. फोन बंद करून चालू करतात तसं काही असेल म्हणून दाबलं. पुढे खात्री आहे का विचारलं, त्यालाही हो. दुकान आलं. छान आलं. पण कोरं. ऑर्डर एकही नाही.

११ फेब्रुवारी
मुक्ता : "मामी, तू जुनं सगळं पुसून नवं बसवलंस."
बॅकअप नाही. मेल नाही. साइट ज्यांच्याकडे ठेवलीय त्या होस्टिंगवाल्यांना विचारलं. त्यांचा बॅकअप घेण्याचा पर्याय होता, मीच खूण केली नव्हती. त्यांचं काही चुकलं नाही. मुक्ता ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ फेब्रुवारी
मिनतीदी आली, वाळलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागली. एकेक उचलते आणि विचारते, "बौदी, एटा कार?" ही कुणाची म्हणून सांगू. पुढची, "एटा कार?" मग तिनेच विचारणं थांबवलं.
दोन ओळखल्या. जांभळी इरकल सोलापूरच्या बाईंची, ठिगळाची लाल नाशिकच्या. सात राहिल्या. चार नावं आठवतात, गावं आठवतात, जोड्या काही केल्या लागत नाहीत.
अ. : "अंदाजाने शीव. जुन्या सुती साड्या, कुणाला कळतंय?" म्हटलं, तुझ्या आईचं लुगडं देऊ का कुणाला अंदाजाने? ताटावरून उठला. बोलायला नको होतं.

२० फेब्रुवारी
मुक्ताने साइटवर मोठ्या अक्षरांत टाकलंय : साड्या पाठवलेल्यांनी कृपया फोन करा. कोण बघतंय! मैत्रिणींचा निरोप पुढे पुढे गेलेला, कुणाकुणापर्यंत पोचला ते त्यांनाही ठाऊक नाही. सहा आठवडे लागतील असं मीच लिहिलं होतं, त्या निवांत असणार.
एकही फोन नाही. इरकलीची गोधडी घेतलीय, चार ओळी घालते आणि उसवते.
तयार दुकानात हे झालं नसतं. अ. एकदाही तसं म्हणालेला नाही. त्याचाच जास्त राग येतो.

६ मार्च
दुपारी फोन. कोल्हापूरची मुलगी, सातांतली. मला इतका आनंद झाला की खुर्चीतून उठलेच. म्हटलं, साडी कशी होती गं, पुन्हा एकदा सांगशील? खात्री करून घेते.
"बदामी, हिरव्या काठांची. आई दवाखान्यात गेली त्या सकाळी बदललेली, मावशी. मग राहिलीच तशी."
समोरच होती. सातांतली एक तरी सुटली. उचलून मांडीवर घेतली.
"आणि मी लिहिलं होतं तसं न धुताच शिवताय ना? पिशवी मुद्दाम घट्ट बांधली होती. तिचा वास आहे ना अजून?"
साडी नाकाशी धरली. रिठ्याचा वास आला, दुसरं काही नाही.
"हो," म्हटलं, "आहे."
ती रडायला लागली. खूप वेळ थँक्यू थँक्यू करत होती.
नंबर वहीत लिहून ठेवलाय. फोन करून खरं सांगायचं आहे. साडेसात वाजले, अजून केलेला नाही.