फक्त पाटी बदललीय

मी, कुंदा श्रीधर गुप्ते, वय अडुसष्ट, राहणार स्टुटगार्ट, कोणाच्याही दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. शरीर आतून पोखरलं आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. यजमानांच्या पश्चात माझ्या नावे झालेलं राहतं घर सून सुरुची हिला द्यावं. मुलगा रोहन याला देत नाही. तो इथल्या अमेरिकी लष्करी तळावर यंत्रं दुरुस्त करतो, आणि आता त्याला लढाई चालू आहे तिथे पाठवत आहेत. त्याचं काही बरंवाईट झालं तर सुरुचीला कोणाच्या दारात उभं राहावं लागू नये.

२. दीर नागेशभाऊजी यांनी 'पुतण्या अमेरिकेच्या संरक्षण खात्यात लागला' म्हणून अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. आता तिथल्या अध्यक्षांनी एका सहीने त्या खात्याला 'युद्ध खातं' म्हणायला लावलं आहे. माझं चांदीचं तबक भाऊजींना द्यावं. नव्या नावाचेही पेढे वाटावेत.

३. मी रोहनला विचारलं तर इथल्या जर्मन सवयीने सुरुवात करत म्हणाला, "आल्झो, आई, फक्त पाटी बदललीय गं. काम तेच आहे."

"म्हणजे आधीपासून हेच होतं?"

तो चहाचे कप उचलून आत घेऊन गेला.

आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. 'संरक्षण' हा तसलाच शब्द निघाला. खोटा होता, पण त्याच्या भरवशावर मला झोप लागायची. तो काढून घेतला याचा मला फार राग आहे. तेव्हा माझ्या बातमीतही 'देवाज्ञा झाली' नको. 'कुंदा मेली' असं छापावं.

४. एक शब्द मात्र राखावा. रोहन इथेच वाढला. घरातून निघताना जर्मनसारखं सरळ 'जातो' म्हणतो. मी दर वेळी दारातून ओरडते, "जातो काय मेल्या, येतो म्हण!" तो हसत जिना उतरतो. माझ्यामागे हे ओरडणं सुरुचीने चालू ठेवावं.

इथल्या कायद्याला हस्ताक्षर पुरतं, साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार: स्वरूपा काळसेकर (सही), दत्तात्रय मोहिते (सही)
कुंदा श्रीधर गुप्ते (सही)
स्टुटगार्ट, ४ नोव्हेंबर २०२५

पुरवणी, ९ नोव्हेंबर: रोहन आज गेला. मी तोंड उघडायच्या आत, आपणहून म्हणाला, "येतो, आई." जन्मात पहिल्यांदा. त्याला भीती वाटते आहे, हे मला तेव्हा कळलं.

कलम चार रद्द समजावं.

कुंदा