ग्रहणाचा खड्डा

धरणगाव, चैत्र १९३४

प्रिय कौतिक,

भुसावळच्या रेल्वेत नोकरी लागली म्हणजे गाव तुटलं की काय रे? रागावते, कारण मोठी बहीण आहे. पण आज खबर गोड आहे, तुझ्या बेबाची. चार वर्षांची पोर कधी पायावर उभी राहील का, याच घोराने आपल्या आईचे केस पिकले.

मागच्या ग्रहणाला आईने हट्टच धरला. न चालणारं मूल ग्रहणात कमरेएवढं पुरलं की पाय फुटतात, ही तिची जुनी समजूत. कपाशीच्या वावरात खड्डा खणला, बेबाला उभी ठेवून भुसभुशीत माती लोटली. मी कपाळावर हात मारला. पण पोरगी रडेचना! ताठ उभी, टकमका बघत हसतेय. आई ओरडली, "पोर उभी शे!" खड्ड्यातून काढल्यावर पुन्हा तेच, पाय कात्रीसारखे एकमेकांवर.

मग मात्र मी ऐकलं नाही. दोघींना मोटारीत घालून धुळ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बेबाला निजवून गुडघे हळू वाकवून पाहिले, टाचा दाबल्या, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. बोरं पुढे धरून कोणता हात आधी येतो तेही पाहिलं. बेबाने डाव्या हाताने बोर उचललं ते आधी आईच्या तोंडात कोंबलं. बाई हसल्या. म्हणाल्या, बुद्धी शाबूत आहे, जन्मताना मेंदूला इजा झाली म्हणून पाय आखडतात. करणी नाही, कुणाचं पाप नाही. मी भीत भीत खड्ड्याचं सांगितलं. वाटलं, आता झापणार. तर म्हणाल्या, खड्डा उत्तम, ग्रहण कशाला हवं? रोज उभी करा.

आता आई रोज सकाळी नातीला मातीत उभी करते आणि गप्पा मारते. परवा बाईंनी पुन्हा तपासलं. टाचा जमिनीला टेकतात. भिंत धरून बेबा सरकत चालते, कौतिक! मी तिथेच रडले.

भिंत मात्र सोडत नाही. मी हाका मारल्या, आईने गूळ दाखवला, छे! बाई म्हणाल्या, तिला ज्याच्याकडे जावंसं वाटेल असं माणूस समोर बसवा. बाळंतपणात तुझी सुंदर गेली त्याच दिवशी ही आली, म्हणून तुला हिच्याकडे बघवत नाही, हे मला कळतं रे. पण काल तिने विचारलं, "मना बाबा आखाजीले येई का?" अक्षय्य तृतीयेला तू येशील, असं मी सांगून बसलेय. मला खोटी पाडू नकोस.

रागावलेली तरी तुझीच,
तानुअक्का