तांजियरच्या कबरीत कोण?

तांजियर,
३ मार्च १९७४

चि. मुफद्दल यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेतच.

तू रेडिओवर बोलणार म्हणून बांनी निम्मी गल्ली घरी बोलावली होती. पुदिन्याचा चहा, बदामाची बिस्किटं, सगळं माझ्याच अंगावर. आणि माझ्या शहाण्या मास्तर भावाने काय सांगितलं? की एवढं जग फिरलेला इब्न बतूता उतारवयात तुमच्या कासाब्लांकाकडेच काझी होता, तिकडेच वारला असावा, आणि तांजियरच्या कबरीत तो आहे याला काही पुरावा नाही. जन्मभर त्या कबरीची देखभाल केलेला बाप समोर बसून ऐकत होता. लोक चहा अर्धा टाकून, मान खाली घालून गेले.

तेव्हापासून बांनी दर्गा उघडलेला नाही. धड जेवत नाहीत. नळावर बायका मला विचारतात, आत कोणी आहे का, की आम्ही उगीच मेणबत्त्या लावल्या? चूक झाली म्हणून दोन ओळी लिही. मी त्यांना वाचून दाखवते.

लोभ आहे, पण फार ताणू नकोस.
झोहूर

---

कासाब्लांका,
११ मार्च

ती. लल्लास,
धाकट्या भावाचा सादर सलाम वि. वि.

चूक झाली असं कसं लिहू? पुरावा नाही म्हणालो. तो आत नाही, असं कुठे म्हणालो? पण ऐकायचं कुणाला आहे.

इकडची तऱ्हा तर विचारूच नकोस. भाषण ऐकून इथल्या एका मोहल्ल्याला एकदम आठवलं, की बेवारस पडलेली एक जुनी कबर आपल्याकडे आहे. रातोरात तिला हिरवा रंग फासला. हीच ती, असं मी लिहून द्यावं म्हणून पंच घरी येऊन बसले. मी म्हणालो, हिलाही पुरावा नाही. तर म्हणतात, मास्तर शेवटी तांजियरचाच निघाला. तिकडे मी घरभेदी, इकडे परका. बांना समजाव.

कृपालोभ असावा. सध्या तो फक्त तुझ्याकडूनच मिळण्यासारखा आहे.
मुफद्दल

---

तांजियर,
१६ मार्च

चि. मुफद्दल यास,
आ. वि.

समजवायला गेले आणि घोटाळा झाला. हिरव्या रंगाचं वाचलं मात्र, बा ताडकन उठून बसले. कासाब्लांकावाल्यांची हिंमत बघतोच म्हणाले. मी पाय धरले, गुडघ्यांची आठवण दिली. पण बांनी जेलाबा अंगात चढवला आणि निघाले. हे पत्र पोचेल तोवर दारात उभे असतील. भांडू देऊ नकोस.

झोहूर

---

कासाब्लांका,
२५ मार्च

ती. लल्लास,
सादर सलाम.

भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांना त्या कबरीपाशी नेलं. पंचांनी मोठ्या थाटात माहिती दिली. बांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, इथे फातिहा कोण वाचतं? पंच एकमेकांकडे बघू लागले. बा खाली बसले आणि वाचला. मग मला म्हणाले, “तुझं काय मत? तो नक्की कुठे आहे?”

मी म्हणालो, “बा, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

“मग रेडिओवर एवढंच सांगायचं होतंस.”

आता ऐक, बा परत यायला तयार नाहीत. इथे रंग द्यायला सगळे आहेत, झाडायला कुणी नाही म्हणतात. रोज सकाळी झाडू घेऊन जातात. पंच हात जोडतात, मी हात जोडतो. वर मोहल्ल्यातल्या लोकांना सांगतात, हा तो नव्हे, पण बिचाऱ्याला कुणी नाही. जेवण मात्र पोटभर.

तुझा वैतागलेला,
मुफद्दल

---

तांजियर,
२ एप्रिल

चि. मुफद्दल यास,
अनेक आशीर्वाद.

धन्य आहात दोघेही. बांना तिकडे कबर मिळाली, तुला बा मिळाले, आणि इथलं सगळं माझ्या गळ्यात. दर्गा किती दिवस बंद ठेवायचा? शेवटी मीच उघडला. बाईमाणूस कशाला, म्हणून कुरकुर झाली. मी म्हटलं, दुसरा कोण येतोय ते सांगा. कुणी आलं नाही.

काल डोंगराकडच्या गावातली एक बाई आली. तिचा मुलगा बेल्जियमच्या खाणीत कामाला गेला, त्याची काही खबर नाही. तिने मला सरळ विचारलं, आत खरंच तोच आहे का? बा असते तर हो म्हणाले असते. माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं, कुणालाच माहीत नाही. वाटलं, आता उठून जाईल. ती गेली नाही. मेणबत्ती लावली, ओढणीने कबरीवरची धूळ पुसली आणि म्हणाली, “कुणाचा तरी मुलगा असेलच ना.”

बांना एवढं वाचून दाखव.

झोहूर