पन्नास नग, पन्नास डझन

सोलापूर, शुक्रवार

ती. सिद्धेश्वरी अक्कास, महेश्वरचा वाकून नमस्कार. तुझी गुडघेदुखी आणि भावजींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. तुझी पुतणी दाक्षायणी माझ्या हाताखालची नोकरी सोडून वैरागला आली, त्याचं कारण तिनं सांगितलं नसेल. पोर चांगली आहे. म्हणून मीच सांगतो, लाज वाटते तरी.

आमची कंपनी टॉवेलच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते, हे तुला ठाऊक आहेच. मी पुण्यात दोन दिवसांचं शिबिर करून आलो (जेवण बरं होतं) आणि नवी पद्धत आणली. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं, कुठं अडलं ते मोकळेपणी सांगायचं, कुणी कुणाला रागवायचं नाही. तिसऱ्याच दिवशी दाक्षायणी म्हणाली, ऑर्डरमध्ये नग आणि डझन यांची गल्लत होतेय. मी आठ जणांसमोर तिला अर्धा तास झाडलं. दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये, अक्का. दुसऱ्या दिवसापासून जो तो 'सगळं ठीक' म्हणू लागला आणि मीटिंग चार मिनिटांत संपायला लागली. मी त्याचीच फुशारकी मारत फिरलो की.

मग कुर्डुवाडीच्या एका लॉजनं पन्नास टॉवेल मागवले आणि पोचले पन्नास डझन. लॉजला खोल्या नऊ. कारखानदार आमच्या मालकांवर लई भडकला. मालक म्हणाले, आधी कुणी का बोललं नाही ते बिननावाच्या चिठ्ठ्यांवर लिहून घे. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच उत्तर: साहेबांची भीती वाटते. माझी अक्कल बघ, मी रजेचे जुने अर्ज काढून अक्षर जुळवत बसलो. तेवढ्यात दाक्षायणी आत आली. टेबलाकडं बघितलं आणि राजीनामा पुढं ठेवून शांतपणे म्हणाली, "सर, अक्षर जुळवायला हाही घ्या."

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. भावजींना नमस्कार.

तुझा,
महेश्वर

ता. क. तिला परत पाठव. ती चूक ओळखते आणि तोंडावर सांगते. आता तसं इथं कुणी उरलं नाही.

आणखी ता. क. नग-डझनची ती चूक माझ्या हातची होती. तिनं तोंड उघडलं तेव्हाच मला कळलं होतं, म्हणून तर एवढा ओरडलो. हे अजून कुणाला माहीत नाही. रविवारी वैरागला येऊन तिची एकटीची माफी मागणार होतो, पण झाडलं होतं आठ जणांसमोर. तेव्हा सोमवारी सकाळी दहाला, त्या उभ्या मीटिंगच्या वेळी, तिला घेऊन तूच ऑफिसात ये आणि दाराशी उभी राहा. माझी पाळी आली की मी फोन आल्याचं निमित्त करून बाहेर पडायला बघेन. मला जाऊ देऊ नकोस.