चटई कुणाची?

३० जुलै, सोमवार

पुन्हा झालं! आणि आज थेट बिशपसाहेबांसमोर.

ते शाळा बघायला आले. आम्ही सगळ्या शिक्षिका ओळीने गुडघे टेकून बसलो. साहेब सावकाश एकेकीची चौकशी करत होते – केळी कशी, कोंबड्या कशा, घरचे कसे. माझ्या पाचव्या वर्षापासून मी असं बसत आले आहे, बसण्याचं काही नाही. उठताना मात्र सुटलं. थेंबभर नाही, चांगलं वाटीभर! गोमेसीच्या घोळदार झग्याआत एकाऐवजी दोन किकोईची कापडं गुंडाळली होती म्हणून निभावलं. जाडी दिसते म्हणून सगळ्या म्हणतात, केझिया, तब्येत सुधारली गं तुझी! सुधारली म्हणे.

घरी येते तो एरिसादादाचा फोन. त्याच्या तेंडोची क्वांजुला, मुलाकडच्यांनी येऊन रीतसर मागणी घालायची, ती पंचवीस ऑगस्टला ठरली. मुलाकडचे साठ-सत्तर लोक येणार. "आत्या म्हणून तूच पुढे. दुसरी आहे कोण आपल्याकडे?"

आत्या म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. मुलाला पाहुण्यांतून हुडकून काढायचं ते आत्याने, मुलीला मांडवात आणायचं ते आत्याने, प्रत्येक वडीलधाऱ्यापुढे बसायचं ते आत्याने. मागच्या वर्षी शेजारच्यांकडे मी मोजलं होतं. अकरा वेळा बसणं, अकरा वेळा उठणं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, चटईवर.

मी फोनवर "हो हो, आनंदच आहे" म्हटलं. मग मोरीत जाऊन रडले.

२ ऑगस्ट

त्या आठवड्यात मलेरिया होईल का मला? देवाकडे मलेरिया मागायची वेळ आली!

४ ऑगस्ट, शनिवार

तेंडो आली होती. नवऱ्या मुलीचे लाड करून घ्यायला आली असेल म्हणून मी शेंगदाण्याचं कालवण केलं, मटोक्याची हिरवी केळी वाफवली. तिने ताटाला हात लावला नाही. म्हणाली, "आत्या, आई आली पाहिजे. आई नसेल तर मला हे काही नको."

मी म्हटलं, बघू.

"बघू काय? तिला घालवलं कुणी? तूच ना?"

चोवीस वर्षांची पोरगी अशी तोंडावर बोलली! आणि खरंच आहे.

एकोणीस वर्षं झाली. आमचे वडील गेले, त्या आबांच्या शेवटच्या विधीला घर भरलं होतं, आम्ही बायका मोठ्या खोलीत चटयांवर झोपलो होतो. सकाळी भिंतीकडची चटई ओली निघाली. तिथे माझी आई आणि लोईवहिनी, तेंडोची आई, दोघीच. मी दारातून ओरडले, "चटई कुणाची ही?" लोईवहिनीने खाली मान घालून ती गुंडाळली. म्हणाली, माझी. वीस बायका बघत होत्या. कुणी म्हणालं शाप आहे, कुणी म्हणालं घाणेरडी सवय. दादा इतकंच म्हणाला, "बहीण सांगेल ते खरं." आणि बहिणीने सांगितलं. तिच्या माहेरी जाऊन मीच सांगितलं की तुमची मुलगी घेऊन जा. तेंडो पाच वर्षांची होती, ती दादाकडे राहिली. दोन महिन्यांत सान्यू दादाची नवी बायको म्हणून घरात आली.

आणि आज माझीच किकोई रोज वाळत पडते. लोकांना सांगते, ताप येऊन घाम येतो म्हणून धुतली.

७ ऑगस्ट

दवाखान्यात गेले. मासाकाला, म्हणजे आमच्याकडचं कुणी भेटायला नको. पाठदुखी सांगितली. सिस्टर अपियो उत्तरेकडची, उंच, आवाज असा की बाहेरच्या बाकावरही ऐकू जावा. तिने माझ्याकडे बघितलं, कमरेकडे बघितलं आणि म्हणाली, "पाठ राहू दे. खोकताना होतं की उठताना?"

मी गारच पडले! इतकं सरळ? जसं काही विचारतेय, चहात साखर किती.

तिने खणातून एक रिंग काढली. मऊ, रबरासारखी, लहान मुलीच्या बांगडीएवढी, एका बाजूला बोराएवढी गाठ. ही आत बसवायची. गाठ मूत्राच्या नळीला खालून आधार देते, ताण पडला की दाबून धरते. कापाकापी नाही, काही नाही. काढायची, साबणाने धुवायची, परत घालायची. मधूनमधून तपासायला यायचं.

"आणि हे किती जणींना असतं?" मी विचारलं.

"बाहेर बाकावर किती बसल्यात?"

"नऊ."

"मग तीन तरी धर."

तीन! मी बाहेर आले आणि त्या बाकावरच्या बायकांकडे टक लावून बघत राहिले. एकजण म्हणाली, "काय हवंय का हो बाई?"

मी, जी लग्न ठरलेल्या मुलींना बाईच्या शरीरातलं सगळं शिकवते, गावभर आत्या म्हणून मिरवते – मला हे माहीत नव्हतं. बावन्नाव्या वर्षी!

९ ऑगस्ट

हे लिहू का नको? लिहिते. इथे कोण वाचणार आहे?

रिंग गेली. संडासात जोर केला आणि गेली. पंचवीस फूट खोल खड्ड्यात! आवाजसुद्धा आला नाही. मी तिथेच भोकाकडे बघत उभी.

१० ऑगस्ट

सिस्टर हसली, म्हणजे खो खो! "या महिन्यातली तू तिसरी. लहान बसली होती, मोठी देते." आता तिने मला तिथल्या तिथे खोकायला लावलं, उकिडवं बसायला लावलं, जिना चढ-उतर करायला लावला. शेवटी म्हणाली, बस गुडघ्यांवर.

"तुझ्यापुढे?"

"माझ्यापुढे कशाला, भिंतीपुढे बस."

भिंतीपुढे बसले. उठले. कोरडी! पुन्हा बसले. कोरडी! सात वेळा भिंतीला नमस्कार घातला, सिस्टर दारात हात बांधून उभी. मी रडायला लागले तशी म्हणाली, "आता कशाला? आता तर बंद झालं ना गळायचं?"

परतीच्या टॅक्सीत एकच विचार. लोईवहिनीला हेच होतं. शाप नाही, सवय नाही. आजार होता आणि त्यावर बांगडीएवढा उपाय होता! तिला मी घराबाहेर काढलं ते एका गळक्या नळीसाठी.

१४ ऑगस्ट

लोईवहिनीला भेटायला लुकायाला जाऊन आले. पिशवीत सिस्टरचा कागद, पत्ता लिहिलेला. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं: वहिनी, चुकले, पण यावर इलाज आहे, मी स्वतः नेते तुला.

लुकायाला हमरस्त्यावर बस थांबली की विकणाऱ्या बाया धावत सुटतात. निळा कोट, पाठीवर नंबर, हातात कोंबडीच्या सळया, भाजलेली केळी. त्यात सत्तावीस नंबर सगळ्यांच्या पुढे. खिडकीपाशी उड्या मारतेय, हसतेय, ओरडतेय, ड्रायव्हरला शिव्या घालतेय. बस सुटली तशी पैशांसाठी तिच्यामागे पन्नास पावलं पळाली आणि परत आली.

ती लोईवहिनी होती. सत्तेचाळीस वर्षांची.

मी तिच्या कोटाकडे बघत होते. हे सगळं मला करायचं झालं असतं तर रस्त्यावर ओढा वाहिला असता.

"या वन्सं!" ती म्हणाली. "कोंबडी देऊ? की आज मला आणखी कुठून घालवायचंय?"

मी कागद पुढे केला. घोकलेलं सगळं बोलले, एका दमात. तिने कागद वाचला. दोनदा वाचला. मग ती हसायला लागली. आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या.

"मला कधीच नव्हतं हो हे."

"पण चटई –"

"चटई सासूबाईंची होती."

मी तिथेच केळ्यांच्या टोपलीवर बसले, टोपलीवालीने आरडाओरडा केला तरी उठता येईना.

ती शांतपणे सांगत होती. "बासष्टच्या होत्या तेव्हा. चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. वीस बायका बघत होत्या आणि त्यांचा चेहरा असा झाला, वन्सं, की बघवेना. म्हटलं सुनेचं काय, हसतील आणि विसरतील. हसले. विसरले नाहीत. मला वाटलं, घरातलं कुणीतरी बोलेल. माहेरी आठ दिवस वाट बघितली. मग महिना. मग हा कोट घातला."

तेंडो वाट बघतेय म्हटलं, तशी क्वांजुलाला येते म्हणाली. "तिच्यासाठी. तुमच्या कुणासाठी नाही."

कोंबडीची सळई बळेच हातात दिली आणि पुढच्या बसकडे धावली.

१५ ऑगस्ट

काल घरी आल्यापासून बसले तर बसलेच आहे. आई! माझी आई!

आई कुणाकडे मुक्कामाला जात नाही. आम्ही म्हणायचो, मानी बाई आहे. सगळ्यांच्या आधी उठून स्वतःची चटई स्वतः धुते. आम्ही म्हणायचो, किती स्वच्छ!

१७ ऑगस्ट, शुक्रवार

दादाकडे गेले. दादा मांडववाल्याकडे गेला होता, सान्यू बाजारात. आई अंगणात सोयाबीन निवडत बसलेली. मी प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "आई, आबांच्या विधीला ती चटई कुणाची होती?"

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "लोईने सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस? एकोणीस वर्षं! तेंडो आईशिवाय वाढली!"

मी मोठ्याने बोलत होते. माझ्या आईवर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता.

"सांगणार होते," ती म्हणाली. "तू दारात उभी होतीस. 'चटई कुणाची' म्हणून विचारलंस. पण केझिया, तू विचारलंस ते तिच्याकडेच बघत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मग मला जमलं नाही."

मला राग आला. स्वतःवर चिखल पडला की तो दुसऱ्यावर उडवते! असं मनात म्हटलं. घरी येईपर्यंत राग टिकला नाही. कारण मी बघत होते. मला आठवतं, तिच्याकडेच बघत होते. मला ती आवडत नव्हती. फार हसायची.

२१ ऑगस्ट

आईला घेऊन मासाकाला गेले. टॅक्सीत ती खिडकीला, मी मधे.

तपासायला आत जाताना आई सिस्टरला म्हणाली, "ऐंशी झाली, एक वरती. आता काय उपयोग गं?"

"आजी, नाचायचंय का तुम्हाला शनिवारी?"

"छे!"

"मग नुसतं बसा. कोरडं बसायला वय लागत नाही."

आईला गाठीची नाही, साधी रिंग बसली. आणि औषध दिलंय. बाहेर आल्यावर आई बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. मग तिने माझा हात धरला आणि सोडला नाही. माफ केलं का मी तिला? माहीत नाही. हात मात्र मीही सोडला नाही.

चटई माझी होती, चुकले, असं शनिवारी लोईवहिनीला ती स्वतः सांगणार आहे. कोण ऐकेल त्याने ऐकावं म्हणाली.

२३ ऑगस्ट

आज घरी सराव. अकरा वेळा. कोरडी! आता मला कशाचीच भीती नाही.

२५ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दादाकडे पाहुण्यांसाठी चादरी काढत होतो. सान्यू हसत म्हणाली, "यांची चादर तेवढी बाजूला ठेवा हं, वन्सं. चहाचा थेंब पडला तरी यांना झोप येत नाही, घर उठवतात. पहिल्यापासून असेच."

सात वर्षं! लग्नाची सात वर्षं दादा लोईवहिनीच्या शेजारी झोपला. तिचं अंथरूण कोरडं असतं हे जगात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि तो म्हणाला, बहीण सांगेल ते खरं.

लोईवहिनी आली आणि आईने तिला सांगायचं ते सगळ्यांदेखत सांगितलं. मग मांडवात मी दहा वेळा गुडघे टेकले. थेंब नाही. अकरावा मान मुलीच्या बापाचा. मी त्याच्यापुढे गेले आणि उभी राहिले. लोक कुजबुजले, बाईंचे गुडघे धरले वाटतं. कुणीतरी खुर्ची आणायला धावलं.

दादाने वर बघितलं. मी वाकून फक्त त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "तुझं अंथरूण कोरडं होतं ना रे?"

त्याने मान खाली घातली. मी बसले नाही.