ओल्या रस्त्यावरची पकड

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी घसरली. मी घसरवली नाही — गाडी घसरली! हे कुठेतरी शाईने लिहिलं जायला हवं, म्हणून आधी तेच लिहिते.

पाण्याच्या टाकीपाशी उतारावरचं वळण. पाऊस म्हणावा असा नव्हताच, नुसती भुरभुर. वेग इतका कमी की एक सायकलवाला कंटाळून पुढे निघून गेला होता. ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीचं बूड आपणहून बाजूला निघालं — जणू त्याला दुसरीकडेच कुठेतरी जायचं होतं. फुटपाथच्या दगडावर चाक आपटलं. थांबलो. समोरून कोणी येत नव्हतं. येत असतं तर?

धाकटी बहीण शेजारी बसलेली. नुकतंच डायलिसिस झालेलं, अंगात त्राण नाही. तरी डावा हात उजव्या हाताने छातीशी घट्ट धरलेला. त्याच हातात सुया घालतात, त्याला धक्का लागून चालत नाही. मला वाटलं रडेल. म्हणाली, "ताई, तुझा चष्मा पायाशी पडलाय. तुडवशील."

संध्याकाळी तिच्या नवऱ्याला सांगितलं, तर काय म्हणावं त्याने? "नाचता येईना अंगण वाकडं!" वर हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोला एकदा, एकदासुद्धा डायलिसिसला घेऊन न गेलेला माणूस — "मला सुया बघवत नाहीत हो, ताई" — मला गाडी चालवायला शिकवणार!

आजपासून या वहीत त्याचं नाव दीडशहाणा. तोंडावर अहो-जाहो करीनच. वही माझी आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत दुकानातून सटकले आणि पंक्चरवाल्याकडे गाडी नेली. त्याने टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवून बघितलं. रुतेना.

"नक्षी आहे अजून. पण रबर मेलंय."

"रबर मरतं?"

"म्हातारं होतं. कडक होतं. कोरड्या रस्त्यावर चालून जातं. ओल्यात आणि थंडीत धरत नाही."

टायरच्या कडेवर चार आकडे असतात, तो कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते सांगणारे. इतकी वर्षं गाडी चालवतेय, कधी वाकून बघितलं नव्हतं. माझे टायर धाकटीच्या लग्नाच्याही आधीचे निघाले!

घरी येऊन हे सांगितलं तर दीडशहाणा म्हणतो, "नक्षी आहे म्हणजे टायर आहे. पंक्चरवाल्याला धंदा करायचाय." हा गृहस्थ दिवसभर ऑफिसात बसून लोकांना विमा विकतो. 'उद्याचं काही सांगता येत नाही' म्हणून विकतो! आणि स्वतःच्या बायकोच्या चाकांबद्दल त्याला उद्याचं सगळं ठाऊक.

५ नोव्हेंबर, बुधवार

गेलो, आलो. उतारावर चालणाऱ्या माणसांनीसुद्धा आम्हाला मागे टाकलं. मागून हॉर्नवर हॉर्न. वाजवा! हवे तेवढे वाजवा!

६ नोव्हेंबर, गुरुवार

दीडशहाण्याचा नवा सल्ला — "थंडीचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे असे दोन जोड घ्या. जाणकार लोक तसंच करतात." दोन जोड ठेवू कुठे? पलंगाखाली? आणि दर ऋतूला चाकं बदलत कोण बसणार? हा?

धाकटीला आठवड्यातून तीनदा जावं लागतं. ऊन असो, पाऊस असो, इथल्या थंडीत रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा असो. रक्त काही हवामान बघून खराब व्हायचं थांबत नाही. मला बारा महिने चालेल असा एकच टायर हवा. ऑल-सीझन म्हणतात त्याला. परवडणारा, आणि ओल्या रस्त्यावर धरणारा. एवढंच. चंद्र नाही मागितला मी.

म्हणून आज मोठ्या रस्त्यावरच्या त्या चकचकीत टायरच्या दुकानात गेले. विक्रेत्याच्या गळ्यात टाय, केसांना तेलासारखं काहीतरी. पहिला प्रश्न — "साहेब नाही आले बरोबर?"

साहेब! कुठले साहेब? मी कधी लग्नच केलं नाही, आता टायरसाठी करू?

मग त्याने मला सगळ्यांत महागडा टायर दाखवला. "मॅडम, याचं डिझाइन बघा. तुमच्या गाडीच्या रंगावर उठून दिसेल."

"मला पडदे नाही घ्यायचे," मी म्हटलं. "ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर हा किती पकड धरतो ते सांगा."

तो म्हणाला, "हळू चालवलं की कुठलाही धरतो."

बाहेर आले. दार आपटायचं होतं, पण ते काचेचं, आपोआप बंद होणारं. धड आपटतासुद्धा येत नाही आजकाल!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी काम करते त्या दुकानाचे मालक म्हणाले, "परत शुक्रवारी सुट्टी?" मी म्हटलं, "मी नाही घेत, तिचं रक्त घेतं." नंतर वाईट वाटलं. थोडंसंच.

धाकटी आज येताना बर्फाचा खडा चघळत होती. पाणी पिता येत नाही तिला, फार थोडं चालतं. तहान लागली की बर्फ. पोहायला शिकवायची ही. अख्ख्या वस्तीतली पोरं हिने पाण्यात ढकलून तरंगायला लावली. मी तिच्याकडे न बघता गाडी चालवत राहिले.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज मात्र कडेलोट झाला.

सकाळी दाराची घंटा. दीडशहाणा खालच्या मजल्यावरून वर आलेला, घामाघूम, चेहऱ्यावर विजयी हसू. "ताई, खाली चला. तुमचं काम करून टाकलं!" खाली चार टायर रचून ठेवलेले. मित्राने गाडी विकली, त्याचे. "जवळजवळ नवे! अगदी फुकटात म्हणा ना."

मी वाकले. चार आकडे शोधले. माझ्या टायरांपेक्षाही जुने!

"अहो, हे माझ्याहून म्हातारे आहेत!"

"पण वापरलेले नाहीत. गॅरेजमध्ये पडून होते."

"पडून पडूनच रबर कडक होतं!"

"तुम्हाला चांगलं केलेलं दिसतच नाही, ताई."

"चांगलं करायचं असेल तर एकदा तिच्याबरोबर जा. चार तास त्या खुर्चीशेजारी बसा. डोळे मिटून बसा, पण बसा!"

शेजारच्या काकू जिन्यात थांबून ऐकत होत्या. ऐकू देत. धाकटी दारात उभी होती, तिच्याकडे आमच्यापैकी कोणीच बघितलं नाही. तिने हळूच दार लावून घेतलं.

टायर अजून खालीच आहेत. त्यांच्यावर मांजर झोपलंय. कोणाला तरी उपयोग झाला.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहाटेपासून पाण्यात बर्फ मिसळल्यासारखा पाऊस. मी गाडी काढायला नकार दिला, टॅक्सी बोलावली. जाताना ठीक. येताना पहिला टॅक्सीवाला धाकटीचा पट्टी बांधलेला हात बघून म्हणाला, "रक्तबिक्त सांडणार नाही ना सीटवर?" मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. उतरलो. दुसरी मिळेपर्यंत दवाखान्याच्या छपराखाली उभ्या. ती थंडीने थडथड उडत होती. माझा कोट तिच्या कोटावर घातला.

मनात म्हटलं, या आठवड्यात टायर घेतले नाहीत तर नावाची ताई नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं! बाजारामागच्या गल्लीत, नवराबायकोचं दुकान. तो आत चाकं खोलतो, ती काउंटरवर. तिने 'साहेब' विचारलं नाही. विचारलं, "कुठे चालवता? काय वजन असतं? चढ-उतार आहेत का?" मी डायलिसिसचं सांगितलं. "अरेरे" म्हणाली नाही. बरं वाटलं.

टायरबरोबर एक छापील पट्टी येते. त्यावर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला एक अक्षर दिलेलं असतं — ए सगळ्यांत चांगलं, मग उतरत खाली. "हे आधी बघा. आवाज थोडा जास्त असला तर असू दे. झिजेल लवकर, तेही असू दे. यात मात्र तडजोड नको." आणि कडेवर डोंगराच्या चित्रात बर्फाची चांदणी असेल तर तो टायर थंडीतही तपासलेला. सगळ्यांत महाग नाही, सगळ्यांत स्वस्तही नाही, असा मधल्या भावाचा एक तिने काढून दाखवला. अक्षर वरून दुसरं. चांदणी आहे. मी आधी चार आकडे बघितले. ती हसली. "आता तुम्हाला कोणी फसवणार नाही." यंदाचाच!

संध्याकाळी घरी चारही मागवायचे म्हटलं तर दीडशहाणा — "दोनच घ्या. पुढे टाका. चालवतात पुढचीच चाकं." मी म्हटलं, "घसरली मागची होती." त्यावर त्याने विषय पावसावर नेला. हे पहिल्यांदा घडलं. तारीख वर आहेच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

टायर अजून आले नाहीत. गाडी रडतखडत नेली.

डायलिसिसच्या खोलीत तिच्या शेजारी बसून मी तिला त्या टायरबद्दल सांगत होते — अक्षर, चांदणी, सगळं. यंत्राची चक्रं फिरत होती. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "किती वर्षं टिकतात?"

"पाच तरी टिकतील. म्हटलं तर सहा."

"म्हणजे माझ्यापेक्षा जास्त."

विनोद केल्यासारखं म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यात हसूसुद्धा होतं.

मी इतकी भडकले की पलीकडच्या खुर्चीवरचे आजोबा दचकले. "असलं पुन्हा बोललीस तर याद राख! लाज नाही वाटत? मी तिकडे दुकानं पालथी घालतेय आणि तू—" नर्सबाई धावत आल्या. "इथे आवाज नको हो."

धाकटी शांतपणे म्हणाली, "तू आणि हे, दोघं माझ्या डोक्यावरून भांडता. टायर कुठले, खर्च कोणाचा, चूक कोणाची. कोणी मला विचारलं का, की तुला भीती वाटते का?"

मी विचारलं, "वाटते?"

"त्या वळणावर नाही वाटत, ताई. इथे वाटते. दर वेळी."

चार तास मी तिचा उजवा हात धरून बसले. मला न बोलता बसता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कालचं वाचलं. अजून राग येतोय. तिच्यावर नाही. कोणावर, ते कळत नाही, म्हणून जास्तच येतोय. पोहून कमावलेलं ते शरीर! कुठल्या हिशोबात बसतं हे?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टायर बसले. चारही. चाकं नीट जुळवून घेतली, हवा थंडीच्या बेताने भरून घेतली. काउंटरवरची बाई म्हणाली, "पहिले काही दिवस जपून. नवा टायर गुळगुळीत असतो, वरचं जरा घासून जाऊ दे." हे त्या टाय घातलेल्या विक्रेत्याने कधी सांगितलं असतं का!

जुने टायर दीडशहाण्याच्या चार टायरांसकट तिथेच दिले. मांजर रुसलंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मुसळधार. पाण्याच्या टाकीचं वळण. ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली. जिथे मी सांगितलं तिथे! बूड जागच्या जागी. मी मुद्दाम पुन्हा थांबवली. परत थांबली.

धाकटी म्हणाली, "आता पुरे, मागे रांग लागलीये."

दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खाली उतरले तर दीडशहाणा गाडीपाशी उभा, ऑफिसचे कपडे, हातात धाकटीची शाल. "मी येतो," म्हणाला. मागच्या सीटवर बसला. वाटेत एक शब्द नाही. सुया घालताना भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कानापर्यंत पांढरा पडलेला. पण उभा राहिला.

येताना मात्र सुरू झाला — "ताई, टायरचा आवाज जरा जास्त नाही का येत?"

येतो! येऊ दे!

२६ नोव्हेंबर, बुधवार

रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा. गेलो, आलो. विशेष काही नाही.

'विशेष काही नाही' हे लिहायला किती छान वाटतं!

३० नोव्हेंबर, रविवार

मोठ्या हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय. ज्या यादीत धाकटीचं नाव कधीचं पडून होतं तिथून सकाळी फोन आला — तिच्यासाठी किडनी मिळाली आहे, ताबडतोब निघा. तिला आत नेलंय. तिचा नवरा शेजारी बसलाय, तिच्या चपला मांडीवर घेऊन.

कोणाची, ते सांगत नाहीत. नर्सबाई एवढंच म्हणाल्या, गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी आज सकाळी होकार दिला.

महिनाभर मी जगावर आरडाओरडा केला. आणि कुठल्यातरी घरातली माणसं आज सकाळी, अशा सकाळी, आमच्यासाठी हो म्हणाली. त्यांना आज कोणी चहा तरी विचारला असेल का?