चिन्ह मिळायच्या आधी

माय, तू गेलीस तेव्हा माझी लेक माझ्या पोटात होती. तुला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही, म्हणून आधी तेच सांगते. नाक थेट तुझं, जरा बसकं, आणि जीभ माझी. रागावली की तुझ्यासारखी कोपऱ्यात गप्प बसत नाही, ताडताड बोलते. म्हणजे बोलायची. आता महिनाभर झाला, घरात हूं की चूं नाही, आणि हे कुणाजवळ बोलावं तर जळगावात माझं ऐकून घेणारं कोण आहे? आमच्या ह्यांना सांगायला गेलं की ते बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसतात. म्हणून कागद घेऊन तुझ्याशी बोलतेय. मेहरूणच्या आमच्या घरी मी पोळीभाजीचे डबे करते. खाणारी बहुतेक पोरं स्पर्धा परीक्षेवाली, कुणी चोपड्याचं, कुणी शिरपूरचं, आईबापांनी कापूस विकून पाठवलेली. लेकही त्यांच्यातच अभ्यास करायची. सात-आठ जणांचं टोळकं होतं. डबा न्यायला म्हणून यायची आणि माझ्या ओट्यापाशी उभी राहून निम्मी शेवभाजी तिथेच संपवायची.

अभ्यास कसला, तर राज्यघटना. कोणत्या कलमात काय, महापौर कसा निवडतात, ग्रामसभेला कोरम किती, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, ते एकालाही माहीत नव्हतं. मागच्या मोठ्या निवडणुकीत मतदानाची सुट्टी मिळाली तर सगळी मिळून पाटणादेवीला सहलीला गेली. मी दशम्या बांधून दिल्या आणि वर चार शब्द सुनावले, तर लेक म्हणते, "आई, सगळे सारखेच. बोटाला शाई लावून काय लोणचं घालायचं?" मी पण हसले. खरं तर मला बरंच वाटलं होतं, की चला, पोर या भानगडीत नाही. मग एका सकाळी तलावाच्या बाजूची महापालिकेची अभ्यासिका, जिथे ही पोरं दिवसदिवस बसायची, तिला कुलूप. आत कुणाच्या तरी कार्यक्रमाच्या मांडवाच्या कापडांचा ढीग, खुर्च्या, पुढाऱ्यांचे हे एवढाले फोटो. पोरं किल्ली मागत हिंडली. याच्याकडे जा, त्याच्याकडे जा, साहेब मीटिंगला गेलेत. शेवटी प्रभागातल्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात त्याचा माणूस यांना म्हणाला, "मतं देता का रे कधी? सहलीला जाता आणि किल्ली मागायला येता?" माय, त्याला सहलीचं कुठून कळलं देव जाणे, पण ते वाक्य पोरांना असं लागलं म्हणून सांगू! त्या दुपारी एकाने भाकरीला हात लावला नाही. लेक म्हणाली, "आई, तो हलकट आहे, पण खोटं बोलला नाही."

पुढे निवडणूक लागली आणि आमच्या प्रभागातली एक जागा बाईसाठी राखीव निघाली. टोळक्यात मुली दोनच, त्यातली एक परगावची. झालं, सगळ्यांनी माझ्या लेकीकडे बघितलं. मी त्या वेळी वांगी भाजत होते, हातातला चिमटा तसाच राहिला, कारण मला तू आठवलीस. साक्रीकडच्या आपल्या गावात सरपंचपद बाईसाठी निघालं तेव्हा तुझा नवरा म्हणून आबा आणि गावातले चार कर्ते मारुतीच्या ओट्यावर बसले, चहा झाला, तंबाखू झाली, आणि ते उठले तेव्हा तू सरपंच झालेली होतीस. तू तर वावरात निंदत होतीस. सांगायला मीच धावत आले. तू विळा खाली न ठेवताच म्हणालीस, "मी? कसाले?" बिनविरोध म्हणून गावाला केवढा मान! पाच वर्षं ग्रामसेवक कागद घेऊन चुलीपाशी यायचा, तू पिठाचा हात लुगड्याला पुसून सही करायचीस, तरी कागदाला बाजरीचं पीठ लागायचंच, आणि तो म्हणायचा, "असू द्या अक्का, वाळलं की झटकू." मी शाळेत मिरवायचे की माझी माय सरपंच शे, आमनं कोनी वाकडं करू शकत नही. एकदा ते तुझ्या कानावर गेलं. तू मला मारलं नाहीस, पण जे बोललीस ते माराहून वाईट होतं. "मी काही निवडी येल नही व पोरी, माले बसाडेल शे. उगी मिरवू नको." आणि वरच्या वस्तीला हातपंप पाहिजे म्हणून भर सभेत तू एकदाच तोंड उघडलंस, तर आबा म्हणाले, "तू आत जाऊन चहा पाठव." तू चहा पाठवलास. मला अजून राग येतो, माय. आबांचा येतो, आणि तुझाही येतो.

म्हणून लेकीने अर्ज भरला तेव्हा मी अडवलं नाही. हिला कुणी बसवत नव्हतं, ही आपल्या पायाने उभी राहत होती. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला, मग स्वतःच जाऊन तिच्यासाठी बूट आणले, फिरायला लागेल म्हणून. आणि काय फिरली गं ती पोरं! ज्यांना शेजारच्या गल्लीचं नाव माहीत नव्हतं ती घरोघर जाऊन विचारायला लागली, नळ किती दिवसांनी येतो, गटार कधी काढली, म्हातारीला निराधारचा पगार मिळतो का. लाजायची आधी. एकजण तर दारात उभं राहून भाषणच ठोकायचा, अनुच्छेद अमुक आणि दुरुस्ती तमुक, मग एका आजीने त्याला पाणी देऊन म्हटलं, "बाबा, परीक्षेत पास हो तू, चांगला शेस." माझ्या स्वयंपाकघरात दुपारी हसून हसून पुरेवाट. अपक्षाला चिन्ह माघारीची मुदत संपल्यावर मिळतं, त्याच्यावरून रोज भांडण: शिट्टी मागायची, कपबशी मागायची, की शिलाई मशीन. एका येड्याने तर शिट्ट्यांचं पाकीटच आणून ठेवलं. तोपर्यंत लोक विचारायचे, पोरी, निशाणी काय तुझी? आणि ती म्हणायची, अजून मिळायची आहे, तोपर्यंत माझं नाक लक्षात ठेवा. माय, तुझं नाक! मी तिला एवढं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

समोर त्या ठेकेदाराची बायको. आणखी दोघी होत्या, त्यांनी मुदतीच्या आदल्या दिवशी माघार घेतली. म्हणजे आता बिनविरोध व्हायला आडवी फक्त माझी लेक. त्याच संध्याकाळी पाचोऱ्याहून नाना आले, माझे थोरले दीर, आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या कपड्यातले तिघं. शिवीगाळ नाही, धमकी नाही, किती गोड बोलावं! "ताई, पोर हिरा आहे. पुढच्या खेपेला आम्हीच तिकीट देऊ." मी चहा ठेवते. नाना सोफ्यावर मांडी घालून सांगताहेत, की पोर हुशार शे, मी कुठे नाही म्हणतो, पण तिच्यासाठी पाहुणे यायचे आहेत, त्यांना काय सांगायचं, मुलगी पडेल उमेदवार आहे? लेक म्हणते, "नाना, मी अजून पडलेली नाही." "अजून," म्हणाले नाना, आणि बशीत चहा ओतला. मग तिघांतला एकजण, उगाच आपला विषय निघावा तसा, ह्यांना म्हणतो, "तुमचं बॅटरीचं दुकान महापालिकेच्याच गाळ्यात ना? नवीन तपासणी निघणार आहे म्हणे." ह्यांनी कपबशी खाली ठेवली. एवढंच. लेक उठून उभी राहिली, तोंड लालबुंद, आणि म्हणाली, "मला हरवा ना. कोण नाही म्हणतंय? मतं पडू द्या आणि हरवा. ते पण नको का तुम्हाला?" पाहुणे हसले, माझ्या चहाचं कौतुक केलं आणि गेले.

तिला वाटत होतं सकाळी पोरं येतील आणि सगळं ठीक होईल. आली ना, डब्याच्या वेळी आली. पण ओट्यापाशी कुणी उभं राहिना. एकाचा बाप सफाईच्या ठेक्यावर कामाला, त्याला रात्रीच फोन आलेला. दुसऱ्याच्या मामाची स्टँडपाशी गाडी लागते. मी तरी त्यांना काय बोलणार? सगळे लेकीला एकच म्हणाले, "ताई, तू म्हणशील तसं." ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने वेणी घातली, पर्स घेतली आणि मला म्हणाली, "चल." रिक्षाने आम्ही थेट निवडणुकीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, माघार स्वखुशीने ना? ती म्हणाली, हो. सही केली. आम्ही पायऱ्यांवर येतो न येतो तोच फटाक्यांची लड, ढोल, आणि कुणीतरी हसत हसत तिच्याही कपाळाला गुलाल फासला. फोटो काढले. ती त्या फोटोत हसतेय, माय, मी पाहिलाय. झाडाखाली गाडीत ती निवडून आलेली बाई, ठेकेदाराची बायको, बसली होती, दार उघडं, मांडीवर हार. मला म्हणाली, "ताई, पाणी आहे का हो? सकाळपासून बसवून ठेवलंय नुसतं." मी बाटली दिली. वरून प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "तुमची ना ती? चांगली बोलते म्हणे." तिच्यावर मला चिडायचं होतं, पण जमलं नाही. घरी आल्यावर लेकीने डोक्यावरून पाणी घेतलं, मोरीतून लाल पाणी किती वेळ जात होतं, आणि मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते.

त्यानंतर चौकात बोर्ड लागला. बिनविरोध नगरसेविका म्हणून त्या बाईचा फोटो, त्याच्या दुप्पट तिच्या नवऱ्याचा. बाकीच्या जागांसाठी मतदान झालं त्या दिवशी मी गेले. बूथच्या बाहेर टेबल मांडून आपलीच पोरं, गळ्यात त्या ठेकेदाराच्या पक्षाचे गमछे. कसली धावपळ, कसला उत्साह! एका म्हातारबाबांना दोघांनी हाताला धरून आणलं. हेच शिकली ना ती माझ्या ओट्यापाशी, ते सगळं तिकडे गेलं. मला बघून तो शिट्टीवाला उठला. "काकू, चहा घ्या ना." मी म्हटलं, "गळ्याला टोचत नाही का रे ते?" तो ओशाळला, मग खिशातून किल्ली काढून दाखवली. "काकू, अभ्यासिका उघडली. पंखे पण नवीन." मला त्याच्या दोन थोबाडीत द्यायच्या होत्या, पण खरं सांगते, किल्ली दाखवताना तो इतका खूश होता की माझा हातच उठला नाही. डबे अजून नेतात. लेक तिथे बसायला जात नाही. मतदानालाही गेली नाही. दिवसभर पालथी झोपून राहिली आणि सहलीचं म्हणशील तर आता सहलीलाही जात नाही. ह्यांच्या गाळ्याला नोटीस आली नाही. नाना परवा लेकीच्या सुपारीच्या तारखा विचारत होते. घरात सगळं ठीक आहे, असं कुणीही येऊन सांगेल.

आता ती मला पोळ्या लाटून देते. चांगल्या लाटते, पातळ. काल दुपारी लाटता लाटताच, मान वर न करता म्हणाली, "आई, मतदान झालं असतं तर तू मला दिलं असतंस ना?" मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं? वेडी कुठली." तिने पुढची पोळी घेतली. तिला पटलं, निदान मला तरी तसं वाटलं. माय, हा कागद मी कुठे पाठवणार आणि कुणाला दाखवणार, म्हणून तुझ्यापाशी बोलते. नाना येऊन गेले त्या रात्रीच माझं ठरलं होतं. तिने माघार घेतली नसती, तर मी आत जाऊन दुसरं बटण दाबणार होते. ती पडावी, थोडक्या मतांनी का होईना पण पडावी, आणि घरी यावी.